किशनरावांच्या तोंडातला आकडा

भांडण जुनं आहे, सोजराबाई नवी नवरी होती तेव्हाचं. हट्टा गावच्या शिवारात एका खळ्यावर ज्वारीची रास पडली होती आणि ती कडब्याच्या गंजीमागं सुपानं मातेरं पाखडत बसली होती. गंजीच्या पलीकडं रानाचा मालक आणि त्याचा बटाईदार एकमेकांच्या बापापर्यंत पोचले होते.

"शिगेची पायली ठरली व्हती, वर ढीग लावून!"

"कुणी ठरवली? तुज्या बानं? सपाट ठरली व्हती, सपाट!"

"बापाचं नाव काढू नको, सांगून ठिवतो."

"काढीन! तुजा बाप बी असाच शीग लावायचा, सगळ्या हट्ट्याला ठावं हाय."

मग कुणीतरी कुणाची गचांडी धरली, कुणाचा तरी पटका पडला, बैल दचकले. आणि या सगळ्याच्या मधोमध एक तिसरा आवाज चाललेला, ना वर ना खाली, ना रागाचा ना भ्यालेला: "सतरा, सतरा, सतरा, सतरा..."

तो आवाज माप करणाऱ्याचा होता. माप करणारा म्हणजे किशन, सोजराबाईचा नवरा. रास मोजायची एक रीत असते. पहिल्या पायलीला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, कारण धान्याची सुरुवात लाभानंच व्हावी. आणि पुढची पायली भरून ओतली जाईपर्यंत मागचा आकडा तोंडातून सोडायचा नाही, म्हणतच राहायचा. तोंड थांबलं की आकडा गेला, आणि आकडा गेला की सगळी रास पहिल्यापासून मोजा.

"अरे किशन्या, तू सांग! तुज्यासमोर ठरलं व्हतं का न्हाई?" मालक ओरडला.

"सतरा, सतरा, सतरा..."

"बघ! तो बी माज्याच बाजूनं हाय!" बटाईदार म्हणाला.

"तुज्या बाजूनं कसा? सतरा म्हणून राहिला तो!"

दोघं दमले तेव्हा एकाच तांब्यातलं पाणी प्याले आणि निम्मी शीग लावायची असं ठरवून मोकळे झाले. किशननं पायली भरली, वरून हात फिरवला, ओतली. "अठरा, अठरा..."

सोजराबाई पदर तोंडात कोंबून हसली. हसता हसता तिच्या मनात आलं, हा माणूस आपल्याशी कवा बोलंल?

बोलायचा, नाही असं नाही. पण दिवसाचा शेवटचा आकडा ज्याचा त्याच्या हवाली केल्याशिवाय त्याचं तोंड मोकळं होत नसे. राशीच्या मालकाला आकडा सांगितला की डोक्यावरचं ओझं खाली ठेवावं तसा एक श्वास टाकायचा आणि मग माणसात यायचा. एकदा मालक रास अर्धी टाकून पाहुण्याच्या गावी निघून गेला. किशन आकडा घेऊनच घरी आला. सोजराबाईनं ताट वाढलं.

"भाजीत मीठ हाय का बराबर?"

"बेचाळीस," किशन म्हणाला.

तिनं चाखून बघितलं. मीठ नव्हतं.

पुढं खळी गेली, पायल्या माळ्यावर चढल्या. किशन वसमतच्या आडतीत मापाडी झाला, किशनचा किशनराव झाला. मग आडतीतही आपोआप आकडा दाखवणारे काटे आले आणि तोंडानं आकडा धरणाऱ्या माणसाचं काम उरलं नाही. तेव्हा मोहनसिंगनं त्यांना बोलावलं. मोहनसिंग जवळच्या तांड्यावरचा. पोरपणी आपल्या बापाच्या खळ्यावर त्यानं किशनरावांचं 'लाभ' ऐकलेलं. त्यानं वसमत रस्त्याला भुईकाटा टाकला होता. अख्खा ट्रॅक्टर मालासकट वर चढतो आणि खालचा काटा वजन सांगतो. शेजारी पत्र्याची खोली. खोलीत एक खुर्ची, एक मशीन, गजांची खिडकी, आणि छतावर भोंगा. किशनरावांनी वजन भोंग्यावर पुकारायचं, म्हणजे ड्रायव्हरलाही ऐकू जाईल आणि मागच्या रांगेलाही. सकाळच्या पहिल्या गाडीला ते वजनाच्या आधी "लाभ!" म्हणत. रस्त्यानं जाणारी माणसं घड्याळ न बघता म्हणत, काटा उघडला.

संध्याकाळी काटा बंद करून ते किल्ली मोहनसिंगच्या घरी द्यायला जात. दारात त्याची म्हातारी आई, मंजुळाबाई, बसलेली असे. ती विचारी, "किती गाड्या, किशनराव?" ते सांगत. ती "बरं, बरं" म्हणून किल्ली खिळ्याला अडकवी. तिनं तो आकडा कधी लक्षात ठेवला नसेल. पण तो तिथं उतरवला म्हणजे किशनरावांचं तोंड मिटे, आणि सोजराबाईला रात्रीपुरता नवरा मिळे.

इथवर बरं चाललं होतं. मग एका उन्हाळ्यात काट्याचं मशीन धूर काढून बसलं. नांदेडहून मिस्तरी आला. त्यानं एक जुनं कॉम्प्युटर आणून जोडलं आणि त्यात कसलीशी फुकटची सिस्टीम टाकली. त्यात चित्रं नव्हती, रंग नव्हते, नुसती काळी पाटी. पाटीवर हुकूम टाइप करायचा, एंटर दाबायचं, की काट्याचा प्रोग्राम सुरू. मग गाडीचा नंबर टाकला की खाली एक पांढरी ओळ उमटायची: गाडी, वेळ, वजन.

"फकस्त एक हाय," मिस्तरी पाना पिशवीत टाकत म्हणाला. "नुसता हुकूम दिला तर ओळी पाटीवर दिसतील, पर ऱ्हाणार न्हाईत. वर सरकत जातील, आन् मशीन बंद केलं की गेल्या. हुकुमापुढं ही बाणासारखी खूण करून फाईलीचं नाव दिलं, तर ओळी फाईलीत जाऊन बसतील, पर पाटीवर दिसणार न्हाईत. दिसंल ते टिकायचं न्हाई, टिकंल ते दिसायचं न्हाई."

"हे काय मशीन झालं?" मोहनसिंग म्हणाला.

"पैशाप्रमाणं मशीन," म्हणून मिस्तरी गाडीवर बसला.

आधी फाईलीचा रस्ता धरून बघितला. पाटी काळी ती काळीच. ड्रायव्हर लोक खिडकीच्या गजातून मोबाईल आत घालून वजनाच्या ओळीचा फोटो काढत, तीच त्यांची पावती. पहिल्याच ड्रायव्हरनं विचारलं, "काका, फोटो कशाचा काढू? अंधाराचा?" मागच्या रांगेतून कुणीतरी काट्याला आंधळा म्हणालं. दुपारपर्यंत ते नाव तांड्यावर पोचलं. मग मोहनसिंगनंच ठरवलं: ओळी पाटीवर दिसू द्यायच्या, आणि उमटल्या की किशनरावांनी हातानं कागदावर उतरवून घ्यायच्या. एकही सुटली नाही पाहिजे.

त्या दिवसापासून किशनराव खुर्चीला खिळले. पाटीवरून नजर काढायची सोय नाही, कारण रांग लागली की ओळीवर ओळ येई आणि वरची निसटून जाई. डाव्या हातानं भाकरी खायची, उजव्या हातानं लिहायचं. लघवीला उठावं लागू नये म्हणून सकाळपासून पाणी घोट घोट प्यायचं. पत्रा तापला की पाठीला सदरा चिकटायचा आणि तो सोडवायलाही हात रिकामा नसायचा. खुराड्यातल्या कोंबडीला निदान दिवसा सोडतात. किशनरावांचं खुराडं दिवसाचंच होतं. आणि तोंडात आकडा तर जुनाच.

सोजराबाई रोज दुपारी डबा घेऊन जाई. तिचंही एक खुराडं झालं होतं, पण ते डोळ्यात होतं. आधी कडेकडेनं धूसर झालं, मग मधोमध साय धरली. चुलीतला जाळ तेवढा पिवळा दिसे, बाकी सगळं ताकासारखं. ती रस्त्याच्या कडेनं पायानं खडी चाचपत चाले आणि भोंग्यावरच्या नवऱ्याच्या आवाजाच्या दिशेनं जाई. आवाज मोठा होत गेला म्हणजे काटा जवळ आला. सांगायचं नाही असं तिनं ठरवलेलं, पण एकदा डबा खिडकीत द्यायच्या ऐवजी तिनं एका ड्रायव्हरच्या हातात दिला आणि त्यानं तो घेतलाही. मग सगळ्यांना कळलं.

नांदेडच्या डॉक्टरनं बॅटरी मारून बघितलं. "मोतीबिंदू पिकलाय, आजी. आता थांबू नका. आणखी थांबलात तर डोळाच जायचा." तारीख दिली. ती सोयाबीनच्या सीझनमध्ये गेली. दुसरी दिली, ती कापसात. तिसरी दिली तेव्हा हळदीचा सीझन सुरू झाला होता आणि काट्यावर रांग पार नाल्याच्या पुलापर्यंत होती. डॉक्टरनं या वेळी कागदावर तारखेखाली रेघ ओढली आणि ती ओढताना पेन कागदात रुतल्याचं सोजराबाईला ऐकू आलं.

शेजारची पद्माबाई म्हणाली, "मी येते की, सोजराबाई. मला काय काम हाय?"

"तुमी चांगल्याच हायत, बाई. पर डोळ्याला पट्टी बांधल्यावर ज्याचा हात धरायचा तो हात वळखीचा पायजे. तुमचा हात मी कवा धरला?"

"आन् किशनरावाचा लई धरला!"

"आवाज तर वळखीचा हाय," सोजराबाई म्हणाली. "त्या आवाजाबिगर माजा पाय पुढं पडत न्हाई. आता सवय झाली." तिचा हट्ट सगळ्या आळीला ठाऊक होता. पुण्याहून मुलगा प्रमोद येतो म्हणाला, त्यालाही तिनं तेच ऐकवलं.

किशनरावांनी मोहनसिंगला विचारलं. त्यानं मान खाजवली.

"काका, मी सोता बसलो असतो. नंबर टाकीन, आकडा वाचीन, भोंग्यावर वरडीन. पर लिहायचं काम माज्याच्यानं व्हत न्हाई. एक ओळ लिहूस्तोर दोन गाड्या निघून जातेत. आन् ऐन हळदीत काटा बंद ठिवला तर लोक पलीकडच्या काट्यावर जातील ते परत यायचे न्हाईत. तुमीच सांगा."

किशनराव काय सांगणार? त्यांच्या तोंडात आकडा होता.

प्रमोदची मुलगी ऐश्वर्या नांदेडला कॉम्प्युटर शिकत होती. ती सुट्टीला हट्ट्याला आली आणि आजीचा हात धरून डबा द्यायला काट्यावर गेली. बराच वेळ दारात उभी राहून तिनं आजोबांचं लिहिणं बघितलं.

"आबा, हे काहून लिहून राहिले तुमी?"

किशनरावांनी मिस्तरीचं वाक्य ऐकवलं, दिसंल ते आणि टिकंल ते. ऐश्वर्या हसली. "आबा, त्याला अर्धंच येत आसंल. दोन्ही व्हतं की एका वेळी."

"कसं?"

"शेतात पाइपलाइनला टी बसवतेत का न्हाई? एक पाणी सरळ जातं, एक बाजूच्या रानात. तसंच. प्रोग्रामचं पाणी हिकडून येतं. मधी ही उभी दांडी टाकायची, हा पाइप. त्याच्या पुढं टी. एक धार पाटीवर, एक धार फाईलीत. तुमी बघत बसा, ते आपोआप साठत जाईल."

दाराबाहेर बाभळीला टेकलेली सोजराबाई म्हणाली, "आन् धार कमी व्हत न्हाई का गं? आमच्या रानात टी बसवली की दोन्हीकडं लेकरू मुतल्यावानी पाणी येतं."

"न्हाई आजी. हितं दोन्हीकडं पुरी धार."

"मंग ही टी आमच्या रानात आणून बसव."

ऐश्वर्यानं खुर्ची घेतली, नवा हुकूम टाइप केला. "फाईलीला नाव काय देऊ, आबा? रोजची तारीख टाकायची का?"

"तारीख काहून? लाभ दे. सुरुवात लाभानं करायची."

तिला बस गाठायची होती. तिनं लाभ दिलं, दोन गाड्या निघेपर्यंत थांबली, फाईल उघडून दाखवली. दोन ओळी पाटीवर होत्या आणि त्याच दोन ओळी फाईलीत. मोहनसिंगनं दोन्हीकडं बोट ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघितलं.

"असं हाय तर मी बसतो की, काका. तुमी काकूला घेऊन जा."

पुढचे काही दिवस किशनराव खुर्चीतून उठले. उठले म्हणजे काय, दारापर्यंत गेले. दारात उभं राहून चहा प्याले. बाभळीमागं जाऊन न पळता परत आले. रस्त्यापलीकडं हळद शिजवायच्या कढया लागल्या होत्या, त्यांचा वास इतकी वर्षं आपल्याला कसा आला नाही, याचंच त्यांना नवल. मात्र चहा पितानाही ओठ हलत होतेच. सोजराबाईनं पिशवी भरली, चादर, तांब्या, डॉक्टरचा कागद, आणि पिशवी खुंटीला लावली.

तारखेच्या आदल्या दिवशी ती डबा घेऊन निघाली तेव्हा भोंगा नेहमीसारखा बोलत होता. ती अर्ध्या रस्त्यात आली आणि भोंगा थांबला. त्याच्या जागी नुसती भांडणाची आरडाओरड ऐकू यायला लागली.

हळदवाला नेमसिंग आला होता. त्याच्या मालाचं वजन दोन दिवसांपूर्वी याच काट्यावर झालं होतं. वसमतचा घेणारा आता कमी वजन सांगत होता. ड्रायव्हरनं ओळीचा फोटो काढला होता, पण त्याचा मोबाईल पाण्याच्या पिंपात पडलेला.

"फाईल उघडा ना काका, त्यात हाय सगळं," मोहनसिंग ऐटीत म्हणाला.

किशनरावांनी लाभ उघडली. त्यात आजच्या सकाळपासूनच्या ओळी होत्या. वर सरकवलं, खाली सरकवलं. आजच्याच.

"कालच्या कुटं हायत? परवाच्या?"

कुठंच नव्हत्या. रोज सकाळी किशनराव तोच हुकूम देत, तेच नाव देत, आणि टी त्या नावाची फाईल रिकामी करून नव्यानं भरायला लागे. तिनं किशनरावांचंच ऐकलं होतं. नवी रास आली की मागचं विसरायचं आणि लाभापासून सुरुवात करायची, ही तर त्यांचीच रीत.

"सगळं पुसलं?" नेमसिंग ओरडला. "आंधळा काटा म्हणत व्हते ते खोटं न्हाई!"

"तोंड सांभाळ, नेमसिंग! तुज्या ड्रायव्हरला मोबाईल धरता येत न्हाई ते माज्या काट्यावर काहून?"

"तुजा काटा काय कामाचा मंग? पाटीवर नाच दाखवायला?"

"आवाज खाली कर!"

"तू कर! किशनकाका, तुमी सांगा. तुमाला तर ठावंच आसंल. काय भरलं व्हतं माजं वजन?"

सोजराबाई रस्त्याच्या कडेला थांबली. हे सगळं तिनं आधी ऐकलेलं होतं, कडब्याच्या गंजीमागं बसून. आता मधला आवाज येईल, एकसुरी, आणि आकडा सांगेल. ती थांबून राहिली.

"आठवत न्हाई," किशनराव म्हणाले.

खळ्यापासून इथवर त्या तोंडातून हे शब्द कुणी ऐकले नव्हते. लिहायचं सुटलं तसं त्यांनी आकडे मशीनच्या हवाली केले होते. मोकळं व्हायला म्हणून केले होते, आणि ते आता धड त्यांच्याकडं नव्हते, धड मशीनकडं नव्हते. सोजराबाईला पुढं जायची दिशाच कळेना. आवाज नव्हता. एक ट्रक हॉर्न वाजवत अंगावरून गेल्यासारखा गेला. पुढच्या गाडीचं वजन भोंग्यावर आलं तेव्हा ते इतकं बारीक आलं, की तिला वाटलं दुसरंच कुणी बसलंय.

नेमसिंगचा माल घेणाऱ्याकडं वेगळा रचून ठेवलेला होता. तो परत भरून आणायचा आणि परत काटा करायचा असं ठरलं आणि तो शिव्या देत गेला. मोहनसिंगनं कपाटातून कागद काढून किशनरावांपुढं आपटले.

"हातानं लिहा. उद्या कुटं जायचं न्हाई, काका. वाईट वाटून घेऊ नका, पर तुमची टी आन् तुमचा लाभ मला परवडायचा न्हाई."

संध्याकाळी किल्ली देऊन किशनराव घरी आले. सोजराबाई चुलीपुढं होती. तिनं सगळं ऐकलेलंच होतं, तरी त्यांनी सांगितलं, म्हणून तिनं परत ऐकलं.

"पिशवी काढून ठिवू का?" त्यांनी विचारलं.

"राहू द्या खुंटीला. मला कुटं दिसती." मग भाकरी उलटता उलटता म्हणाली, "पोरीला फोन लावा की एक. पुसायचं शिकवलं तर न पुसायचं बी ठावं आसंल तिला."

फोनवर ऐश्वर्यानं दोनदा कपाळ बडवून घेतलं, तेही ऐकू आलं. "आबा, रोज तेच नाव देतेत तुमी, हे मला सुचलंच न्हाई! टीच्या पुढं एक बारकी रेघ टाका आन् तिला लागून ए. बस. मंग ती मागचं पुसत न्हाई, खाली जोडत जाते."

किशनरावांनी रेघ आणि ए तळहातावर पेनानं लिहून घेतलं.

"मोहनसिंग ऐकंल का?" सोजराबाईनं विचारलं.

"ऐकून उपेग न्हाई. दिसलं पायजे त्याला."

सकाळी ती पिशवी घेऊनच त्यांच्याबरोबर काट्यावर गेली आणि बाभळीखाली बसली. नांदेडची बस यायला वेळ होता, पण फार नव्हता. मोहनसिंगची जीप आली. तो उतरायच्या आत भोंगा बोलला.

"मोहनसिंग, जीप काट्यावर घ्या."

"माजी?"

"तुमचीच. घ्या."

रांगेतले ड्रायव्हर हसायला लागले, म्हणून मोहनसिंगनं जीप घेतली. "लाभ!" भोंगा म्हणाला, आणि जीपचं वजन पुकारलं. मग किशनरावांनी प्रोग्राम बंद केला. पाटी काळी झाली. तळहात बघून तोच हुकूम पुन्हा दिला, तेच नाव, रेघ आणि ए. "परत एकदा घ्या."

दुसऱ्यांदा वजन झाल्यावर मोहनसिंग खोलीत आला. किशनरावांनी फाईल उघडली. त्यानं बोट ठेवून वाचलं.

"ही माजी जीप. आन् ही खालची बी माजीच."

"व्हय."

"वरची पुसली न्हाई."

"न्हाई."

"कालची पुसली व्हती."

"काल रेघ नव्हती."

मोहनसिंगनं पाटीकडं बघितलं, फाईलीकडं बघितलं, खिडकीतून बाभळीखालच्या पिशवीकडं बघितलं. "दुसऱ्या खेपेला मी उतरून गेलो असतो तर जीप हलकी भरली असती," तो म्हणाला आणि खुर्चीत बसला. "जावा, काका. बस येईल."

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. सोजराबाईला वाटलं, आता तरी हा माणूस काही बोलेल. इतक्या वर्षांत दोघं मिळून कुठं गेले म्हणून. तिनं कान दिला. किशनराव पुटपुटत होते, मोहनसिंगच्या जीपचं वजन. किल्ली आज मोहनसिंगकडंच राहिली होती, मंजुळाबाईला आकडा सांगायचा राहिला होता. खुर्ची सुटली होती, पण आकडा तोंडात तसाच घेऊन माणूस नांदेडला निघाला होता.

"आवं, टाका की तो खाली आता. मोहनसिंग हाय तिथं, फाईल हाय."

त्यांनी मान डोलावली आणि ओठ हलवत राहिले.

दवाखान्यात नर्सनं विचारलं, "आजोबा काय म्हणून राहिले हो सारखे?"

"काय न्हाई, ताई. एका जीपचं वजन हाय. कुणी घेतच न्हाई त्यांच्याकडून."

आत नेताना तिनं त्यांचा हात सोडला. टेबलावर निजवलं, तोंडावर फडकं टाकलं, बारीक भोक तेवढं उघडं. सगळीकडं अनोळखी आवाज, भांड्यांचे आवाज. हलायचं नाही म्हणाले. आणि मग दाराच्या पलीकडून तो आला, ना वर ना खाली, जीपचा आकडा, परत आणि परत. आहेत म्हणायचे. तिनं अंग सैल सोडलं.

पट्टी निघाली तेव्हा आधी खिडकी दिसली, मग खिडकीपुढचा माणूस. "हे कवा म्हातारे झाले?" असं तिला मोठ्यानंच विचारावंसं वाटलं. मग तिला आठवलं की आपल्यालाही आरशात बघायचं राहिलंय.

घरी आल्यावर पुन्हा तेच सुरू झालं. काटा, पाटी, भोंगा, डबा. फाईल मात्र रोज खाली वाढत गेली, काही पुसलं गेलं नाही. नेमसिंगसुद्धा एकदा मुद्दाम जुनी ओळ बघून गेला. पण मोहनसिंग त्या एका दिवशी खुर्चीत बसला होता, ते त्याच्या डोक्यात राहिलं. त्याला कळून चुकलं होतं की लिहायचं नसेल तर हे काम कुणीही करेल. सीझन सरत आला तसा तो एका दुपारी दारात येऊन उभा राहिला आणि बराच वेळ पत्र्याचा गंज खरवडत राहिला.

"काका, पुतण्या रिकामाच फिरून राहिला आमचा. नंबर टाकता येतो त्याला. तुमी लई वर्सं बसलात. आता आराम करा."

"बराबर हाय," किशनराव म्हणाले.

सोजराबाईला राग आला. मग ती स्वतःशीच म्हणाली, इतकी वर्षं म्हणत होते सुटका व्हावी, आता झाली तर दार कुणी उघडलं याच्यावर कशाला भांडा? तरी राग गेला नाही. टी पोरीनं आणली, ती माझ्या डोळ्यासाठी आणली, आणि माझ्या डोळ्यापायी ह्यांची खुर्ची गेली. हे सगळं तिनं त्यांना बोलून दाखवलं नाही. बोलली असती तरी ऐकायला तोंड रिकामं पाहिजे होतं.

शेवटच्या दिवशी किशनरावांनी काटा उघडला, हुकूम टाइप केला, रेघ आणि ए. तळहातावरचं कधीच पुसलं होतं, आता ते बघावं लागत नव्हतं. पहिली गाडी उरल्यासुरल्या कापसाची होती. "लाभ!" भोंगा म्हणाला. दुपारी सोजराबाई डबा घेऊन आली. दिसत होतं तरी ती आवाजाच्याच बाजूनं चालत आली, आणि डबा खिडकीत बरोबर नवऱ्याच्याच हातात दिला. मग ती तिथंच बाभळीखाली थांबली.

संध्याकाळी त्यांनी प्रोग्राम बंद केला, मशीन बंद केलं, खुर्ची आत सरकवली, कुलूप ओढून बघितलं. ती मागं, ते पुढं, ओठ हलवत, मोहनसिंगच्या घरापर्यंत गेले. मंजुळाबाई दारात बसली होती. तिला कुणी काही सांगितलं नसावं, किंवा सांगितलं असेल तर ती विसरली असावी.

"किती गाड्या, किशनराव?"

त्यांनी आकडा सांगितला.

"बरं, बरं," म्हातारी म्हणाली, किल्ली घेतली आणि भिंतीला हात लावत उठून खिळ्याला अडकवली.

किशनरावांनी एक श्वास टाकला. तोंड मिटलं. "येतो," म्हणाले आणि घराच्या वाटेला लागले.